रेघेतली पायरी

१

टेलिफोनच्या केबली टाकणाऱ्या लोकांत तिचं नाव भिंगबाई पडलं होतं. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, आणि कुठल्याही जोडापाशी गेली की आधी ते डोळ्याला. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं आणि ‘ठीक’ किंवा ‘उपटा’ एवढंच सांगायचं, हा तिचा धंदा. ‘उपटा’ हा शब्द ती फार सहज उच्चारते, अशी ठेकेदारांची तक्रार होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाकडा चिमटा, धुळीने माखलेलं टोक, कोपऱ्यात करकचून वळवलेली केबल बघितली की तिच्या कपाळाची शीर उडायची. माणसाने आळस करावा, सगळेच करतात; पण तो भिंतीमागे लपवून वर रंग मारू नये, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी एक्स्चेंजपासून रस्त्यापलीकडच्या रुग्णालयाच्या नव्या इमारतीपर्यंत टाकलेली केबल तपासायची होती. रस्त्याखालून जुनं भुयार जात होतं. एक माणूस सरळ चालेल, दोघं समोरासमोर आले तर आडवं व्हावं लागेल, एवढंच रुंद. एका भिंतीला पत्र्याची ट्रे आणि तिच्यावर ही नवी काळी केबल. दुसरी भिंत मोकळी. एक्स्चेंजच्या तळघरातल्या खोलीत भुयाराचं लोखंडी दार होतं. पलीकडच्या टोकाला जाळी, तिला कुलूप, कारण रुग्णालयाचं काम अजून चालू होतं.

सोबतीला तिचा धाकटा दीर. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, उठता-बसता गुडघ्यांचा कटकट आवाज करणारा. आधी तो एका दुकानात घड्याळं दुरुस्त करत बसायचा. त्याची बोटं बघून तिनेच त्याला या कामात ओढलं. जाऊबाईंनी ते कधी माफ केलं नाही. घड्याळाचं काम बसून होतं, उजेडातलं होतं, आणि त्यात कुणी जमिनीखाली जात नव्हतं. रोज सकाळी डबा हातात देताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं, “नेताय तसा आणून द्या म्हणजे झालं.”

“तुझी जाऊ मला परत करायच्या भांड्यासारखं देते बघ,” दीर लोखंडी दार ओढता ओढता म्हणाला.

“भांडं घासून तरी परत करता येतं. तुम्ही बूट नीट बांधा आधी.”

घरी ती त्याला भाऊजी म्हणायची, अहोजाहो करायची. कामावर वॉकी-टॉकीवर मात्र नुसतं ‘दाब’ आणि ‘सोड’. तारेच्या कामात मानमरातब नसतो, वेळ जातो.

२

काम साधं होतं. ती खोलीत यंत्रापाशी बसायची. यंत्र केबलमधल्या काचेच्या धाग्यात उजेडाचा ठोका सोडतं आणि वाटेत काय काय लागलं ते पडद्यावर रेघ काढून दाखवतं. धागा मोकळा असेल तर रेघ टेकडीच्या उतारासारखी हळूहळू खाली जाते. कुठे तो दबला, वाकला, की रेघ तिथे एकदम खाली बसते. त्याला ही मंडळी पायरी म्हणतात. भुयारात मध्ये मध्ये जास्तीच्या केबलची वेटोळी टांगलेली असतात, तिथे जाड कवच सोलून धागा मोकळा ठेवतात. दिराने वेटोळ्यापाशी जाऊन तो धागा बोटांत धरून वाकवायचा, तिने पायरी बघायची. म्हणजे आपण मोजतोय तीच केबल जमिनीखाली आहे, भलतीच नाही, याची खात्री.

पहिल्या वेटोळ्यापाशी दीर पोचला.

“दाब.”

पायरी उमटली. आणि ती बघून होते न होते तोच गेली.

“मी सोड म्हटलं का?”

“दिसली ना तुला? मग किती वेळ धरून बसू. बोटं आहेत, चिमटा नाही.”

हे वर्षानुवर्षांचं भांडण. ‘सोड’ म्हणेपर्यंत थांबणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं. तिने पुन्हा करायला लावलं, त्याने पुन्हा आधीच सोडलं, तिने कपाळावर हात मारून पुढे जायला सांगितलं.

खोलीत यंत्राचा पंखा घुमत होता. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून भिंतीवर पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. तिने डब्यातली पोळी काढून एक घास खाल्ला, घड्याळाकडे नजर टाकली. एवढ्यात तो मधल्या वेटोळ्यापाशी पोचला असणार.

“दाब.”

पायरी उमटली. स्वच्छ, काटकोनात. ती बघत राहिली. पायरी हलली नाही. तिने मुद्दाम वेळ काढला, पाण्याचा घोट घेतला, भिंग पुसलं. पायरी तशीच.

“सोड.”

गेली. तिच्या शब्दाबरोबर, ना आधी ना नंतर.

“आज शहाण्यासारखं वागलात,” ती वॉकीत म्हणाली. “एवढं कधी जमलं नव्हतं.”

खरखर झाली. मग दिराचा आवाज, धापेचा. “काय जमलं? थांब जरा, अजून पोचलो नाहीये. नाडी सुटली, ती बांधतोय.”

३

आधी तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण चेष्टा करताना हा माणूस वाक्याच्या शेवटी स्वतःच हसतो. तो हसला नव्हता.

मग तिने यंत्राला धारेवर धरलं. यंत्रं खोटं बोलतात, तिला ठाऊक होतं. कधी उजेड दोन जोडांमध्ये आपटत राहतो आणि पडद्यावर नसलेल्या जागी एक सुळका उभा करतो. त्याला या धंद्यात भूतच म्हणतात, आणि नवे लोक त्याच्यामागे दिवस घालवतात. पण भूत रेघेवर वर उठतं. ते रेघ खाली बसवत नाही. रेघ खाली बसायची तर उजेड खरोखर कुठेतरी सांडावा लागतो.

तिने टोक पुसलं. जोडवायर बदलली. केबलमधला दुसरा धागा घेतला, मग तिसरा. सगळ्यांच्या रेघा आत्ता सरळ होत्या.

“भाऊजी, कुठे आहात?”

“मधल्या वेटोळ्यापाशी. आता दाबू का?”

“नाही. हात लावू नका. दोन्ही हात डोक्यावर ठेवा.”

“काय?”

“ठेवा म्हणते ना.”

“ठेवले. कुणी बघितलं तर म्हणेल, काय बुडालं याचं.”

ती पडद्याकडे बघत, वॉकीचं बटण दाबून, हलक्या आवाजात म्हणाली, “दाब.”

पायरी उमटली. दिराच्या पुढे, भुयाराच्या शेवटाकडे. आणि तिथे वेटोळं नव्हतं. तिथे केबल आपल्या पूर्ण कवचात होती, आत पोलादी तारांची वेणी, बाहेर अंगठ्याएवढं जाड काळं रबर. बाहेरून दाबून आतल्या धाग्याला चेपायचं तर ते माणसाच्या मुठीचं काम नव्हे.

“काय दाबू? हात डोक्यावर आहेत,” दीर म्हणाला.

“तुम्हाला नाही म्हणाले.”

“मग कुणाला?”

“सोड,” ती म्हणाली, आणि रेघ सरळ झाली.

४

तिने ठेकेदाराला फोन लावला. तो वरच्या मजल्यावर कुणाला तरी समजावत होता की उद्या रुग्णालयाचे फोन चालू होणार म्हणजे होणारच.

“भुयारात तुमचा कोण आहे?”

“कोणी नाही बाई. गवंडी परवाच गेले.”

“पलीकडची जाळी?”

“मीच कुलूप लावलंय, किल्ली खिशात आहे. उंदीर असेल.”

“उंदीर दाब म्हटल्यावर दाबत नाही.”

“म्हणजे?”

“काही नाही. खाली या, किल्ली घेऊन.”

एवढं बोलून होईपर्यंत वॉकी दोनदा वाजून गेली होती. तिने उचलली तेव्हा दीर सांगत होता, “...बघून येतो. पलीकडून कुणीतरी शिरलं असेल, केबल चोरायला. ऐकतेस ना?”

“भाऊजी, मागे फिरा.”

“शेवटच्या वेटोळ्यापाशी आलोच. इथे तर कुणी नाही. जाळीला कुलूप आहे. पलीकडे रंगाचे डबे दिसतायत.”

तिने श्वास सोडला. आणि पडद्याकडे बघितलं.

या वेळी तिने काहीच म्हटलं नव्हतं. पायरी आपणहून आली होती. मधल्या वेटोळ्याच्या अलीकडे, म्हणजे दिराच्या मागे, त्याच्या आणि लोखंडी दाराच्या मध्ये. ती बघत होती तेव्हाच पायरी मिटली आणि जरा सरकून पुन्हा उमटली. मिटली, सरकली, उमटली. अंधारात दोर हाताशी धरून चालणारा माणूस कसा एक हात सुटा करून पुढे टाकतो, तसं. भुयारात तर दिवे चालू होते. ज्याला दिवे असूनही चाचपडावं लागत होतं ते काय असेल, याचा विचार तिने तिथेच थांबवला. पायरी आता दिराच्या दिशेने निघाली होती.

दार तिच्या पाठीशी होतं. जाळीला कुलूप, आणि किल्ली ठेकेदाराच्या खिशात, तीही रस्त्याच्या या बाजूला. दिराला यायचं तर त्याच अरुंद वाटेने यायचं होतं.

तिला जाऊबाईंचं वाक्य आठवलं नाही, असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. तेच आठवलं.

५

तिने वॉकी तोंडाशी धरली. आवाज कामाचा काढला, रोजचा, कोरडा.

“दाब.”

पायरी थांबली. खोल गेली.

“धर. सोडू नको.”

पायरी तशीच राहिली. ती बोटांच्या पेरांवर काही मोजत नव्हती, नुसती बघत होती.

“भाऊजी, आता तुमच्याशी बोलतेय. पाठ मोकळ्या भिंतीला लावा आणि या. केबलला हात लावू नका. ट्रेमध्ये करंट उतरलाय.”

“वहिनी, फायबरच्या ट्रेमध्ये कसला करंट?”

“या म्हणते ना.”

“तो दुसरा कोण आहे?”

एवढी वर्षं एकत्र काम केल्यावर खोटं बोलायला जागा राहत नाही. ती म्हणाली, “मला माहीत नाही. पण तो ऐकतोय. मी सांगितलंय त्याला, थांबलाय. तुम्ही चालत राहा. पळू नका.”

त्याच्या बुटांचा आवाज येऊ लागला, एक घासत, एक टेकत. कापड भिंतीला खरवडत होतं. मधल्या वेटोळ्यापाशी आल्याचं त्याने सांगितलं. मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास.

“धर,” ती मध्येच पुन्हा म्हणाली, दुसऱ्याला. पायरी जागच्या जागी होती.

“वहिनी.”

“बोला.”

“केबलवर कुणाचा तरी हातमोजा राहिलाय.”

तिने पायरीकडे बघितलं.

“एकच. जोडी नाही. जुना, चामड्याचा.” त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “वहिनी, भरलेला दिसतोय.”

“भिंतीकडे तोंड करा आणि पुढे सरका. बघू नका.”

“मनगटापर्यंतच आहे. त्याच्या पुढे...”

“बघू नका म्हटलं ना.”

काहीतरी आपटलं. वॉकी पडली होती. मग धावत्या बुटांचा आवाज वॉकीतून नाही, दारातूनच येऊ लागला, आणि तो बाहेर आला, एका खांद्यावर भिंतीचा चुना, डोळे उघडे. तिने दार ढकललं, अडसर घातला. त्याच्या हातावर हात ठेवून बघितला तर त्याची बोटं गार होती पण त्याचीच होती, घड्याळाच्या चाकांनी कापलेल्या जुन्या खुणांसकट.

ठेकेदार किल्ली घेऊन जिन्यात उभा होता. “सापडला का उंदीर?” त्याने विचारलं, आणि दोघांची तोंडं बघून किल्ली परत खिशात टाकली.

पडद्यावर पायरी होती. तिने यंत्र तसंच चालू ठेवलं आणि दिराला घरी नेलं. जाऊबाईंनी चुन्याचा डाग बघून “कुठे लोळलात” एवढंच म्हटलं. तो जेवला नाही. झोपायच्या आधी ओसरीत येऊन तो तिला म्हणाला, “मी जवळून गेलो तेव्हा तो हलला नाही गं. तू सांगितलं होतंस ना. तुझं ऐकून उभा होता.”

त्यात एक प्रकारची कीव होती, आणि तिला तीच सहन झाली नाही.

६

सकाळी ती आली तेव्हा पायरी होती तिथेच होती. कालच्याच जागी, तेवढीच खोल. खोलीत कोणी आलं नव्हतं, झरोक्यातलं ऊन तेवढं दुसऱ्या भिंतीवर होतं. इतका वेळ मूठ आवळून कोण उभं राहू शकतं, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आधी खुर्ची ओढून बसली.

ठेकेदार आला. “काय म्हणता? ठीक की उपटा?”

हिशेब असा होता. ‘उपटा’ म्हटलं तर केबल ओढून काढायला पाच-सात मजूर त्या वाटेने आत जातील, हात लावत, हसत, बिडी ओढत. ‘ठीक’ म्हटलं तर आजपासून रुग्णालयाचे सगळे फोन, कुणाला मुलगी झाली, कुणाचा बाप गेला, त्या मुठीतून जातील. पायरीपाशी उजेड सांडत होता तो फार नव्हता. कागदावर चालण्यासारखा होता. पण कागदावर चालतं म्हणून तिने आजवर एकही जोड सोडला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला किती अभिमान होता ते सगळ्या ठेकेदारांना माहीत होतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

ठेकेदाराने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“एक अट. हे दार आत्ता बांधून काढा. विटा लावून. मी बघतेय तोवर.”

“आत्ता? बाई, पुढे दुरुस्तीला कोण...”

“पुढची दुरुस्ती पुढच्याने करावी. गवंडी बोलवा.”

गवंडी आला. लोखंडी दारापुढे विटांची रांग चढू लागली. दाराखालच्या फटीपाशी फक्त केबलपुरतं भोक राहिलं, त्यातून ती काळी केबल बाहेर येऊन टेबलावर यंत्रापाशी आली होती. थापीचा खरखर आवाज, ओल्या सिमेंटचा वास. दीर आत यायला तयार नव्हता; जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होता, आणि गवंडी त्याला विचारत होता की साहेब, भुयारात पाणी आहे का. तो नाही म्हणाला.

शेवटची वीट बसली तेव्हा ठेकेदाराने कागद पुढे केला. सही करायला ती वाकली. तिच्या सहीला कधी वेळ लागत नसे, आज लागला. मान वर केली तर ठेकेदार पडद्याकडे बघून खूश झाला होता.

“बघा बाई, तुमची ती पायरी गेली. रेघ कशी नितळ.”

रेघ खरंच नितळ होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरत गेलेली.

“काही नाहीये का आता?” जिन्यावरून दिराने विचारलं. त्याच्या आवाजात कालपासून पहिल्यांदा जीव आला होता. त्याच्या गुडघ्यांचा कटकट आवाज झाला, तो उठला होता.

७

ठेकेदार आणि गवंडी कागद घेऊन वर गेले.

ती पडद्याकडे बघत राहिली. काल तिने काय म्हटलं होतं, ते तिने शब्दाशब्दाने आठवलं. धर, सोडू नको. जागच्या जागी धर, असं तिने म्हटलंच नव्हतं. हात न सोडतासुद्धा केबलवरून सरकवत आणता येतो.

आणि यंत्राला एक खोड असते. त्याचा स्वतःचा ठोका इतका जोराचा असतो की सुरुवातीचा थोडा भाग त्याला दिसतच नाही. दूरचं सगळं दिसतं, अगदी स्वतःपाशी आहे ते दिसत नाही. भिंतीपासून टेबलापर्यंतची केबल तेवढीच होती.

दीर खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. “आवरू का सामान?” तो म्हणाला. “वायर गुंडाळतो.”

“तिथेच थांबा.”

“अगं, रेघ साफ आहे म्हणाले ना ते.”

न तपासता उठायची तिला सवय नव्हती. तिने यंत्र बंद केलं, म्हणजे पंखा थांबून खोली शांत होईल. वॉकी हातात घेतली नाही. दिराकडची दुसरी वॉकी आत भुयारात पडून होती आणि तिच्यातली वीज कधीच संपली असणार. ती नेहमीच्या आवाजात, समोर कुणी बसलं असावं तशी, म्हणाली, “दाब.”

टेबलावर तिच्या कोपराशेजारी ती जाड काळी केबल हळूच चेपली. रबर चारी बाजूंनी आत गेलं, बोटांच्या रुंदीएवढं, आणि तसंच राहिलं.

तिने कोपर हलवला नाही. दाराकडे मान वळवली, तीही सावकाश, आणि सकाळी चहा देताना बोलायची त्या सुरात म्हणाली, “भाऊजी, तुम्ही व्हा पुढे. डबा घेऊन जा, जाऊबाई वाट बघत असतील. मला इथे अजून थोडं काम आहे.”

“किती वेळ?”

“जा तुम्ही,” ती म्हणाली.

जिन्यावर त्याचे गुडघे वाजत गेले, मग वरचं दार, मग रस्त्याचा आवाज आत येऊन बंद झाला. तेव्हा कुठे तिने केबलकडे बघितलं.

“धर,” ती म्हणाली. “आहे मी इथे.”